दवबिंदूच्या कुंडीत खत का घालायचं नाही

आमच्या आजीनं गॅलरीतली ती छोटी कुंडी बघितली आणि पहिलंच म्हणाली, "एवढंसं रोप, त्येला जरा शेणखत घाल की रं." आपल्या कोल्हापुरात हे सहज तोंडात येतं. झाड बारीक दिसलं की खत, पान पिवळं पडलं की खत, फूल येईना झालं की परत खतच. गुलाबाला, कढीपत्त्याला, जास्वंदीला ते बरोबरच आहे. पण ह्या एका झाडाला खत म्हणजे विष, आणि हे मी खात्रीनं सांगतो कारण माझं पहिलं रोप असंच गेलं.

झाडाचं नाव दवबिंदू. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा, ते पण ग्रीक भाषेतल्या दव ह्याच शब्दावरून आलंय, म्हणजे तिकडच्या माणसालाही बघताक्षणी तेच सुचलं जे आपल्या माणसाला सुचलं. पानावर बारीक लाल केस असतात, प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब, उन्हात बघितलं तर वाटतं पहाटेचं दव अजून वाळलंच नाही. ते दव नसतं, तो डिंक असतो. चिलट त्यावर बसलं की चिकटतं आणि झाड त्याला तिथंच पानावर पचवतं.

मी पहिलं रोप ऑनलाइन मागवलं आणि कौतुकानं ते लाल माती आणि गांडूळखत अर्धं-अर्धं घालून मातीच्या कुंडीत लावलं, वरून रोज बोअरचं पाणी. चार दिवसात थेंब गेले, मला वाटलं तहानलंय म्हणून अजून पाणी घातलं, मग पानांची टोकं काळी पडली आणि तिसऱ्या आठवड्यात मधला कोंबच काळा झाला. लई वाईट वाटलं, कारण काळजी घेण्यात मी काहीच कमी केलं नव्हतं आणि नेमकं तेच त्याला मारत होतं.

हे कळलं ते कास पठारावर गेल्यावर. ऑगस्ट संपता संपता आम्ही गेलो होतो, सगळी माणसं उंच फुलांचे फोटो काढत होती आणि दवबिंदू पायाशी होता. जांभ्या दगडावर बोटभर सुद्धा माती नव्हती, पाणी नुसतं झिरपत होतं आणि त्या ओल्या थरावर रुपयाच्या नाण्याएवढी लाल चक्रं चिकटून बसलेली. ती एक जात, ड्रॉसेरा बर्मानी. दुसरी जरा उभी, गवतासारख्या लांब पानांची, ड्रॉसेरा इंडिका. शेजारीच सीतेची आसवं फुललेली. त्यांचं निळं-जांभळं फूल सगळ्यांना माहीत असतं, पण ते झाड पण मांसाहारी आहे, जमिनीखाली त्याला बारीक फुगे असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव ते आत ओढून घेतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. (कास, कोयना, चांदोली आणि आपलं राधानगरी, ही चारही ठिकाणं २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली.)

आता तिथं बसून विचार करा. जांभा दगड आधीच कस गेलेला. त्यावर सह्याद्रीचा चार महिन्यांचा पाऊस, म्हणजे मातीत जे काही विरघळण्यासारखं असेल ते सगळं धुऊन कड्याखाली जाणार. वर पाणी साचलेलं, त्यामुळं मातीत हवा कमी, म्हणजे पालापाचोळा कुजवून खत करणारे जिवाणू पण नीट काम करत नाहीत. ऊन आहे, पाणी आहे, पण नायट्रोजन जवळजवळ नाहीच. आणि नायट्रोजनशिवाय झाडाला प्रथिनं करता येत नाहीत, हिरवा रंग पण करता येत नाही. आपल्याकडं उसाला युरिया टाकतात तो ह्याच नायट्रोजनसाठी. सड्यावर, म्हणजे असल्या उघड्या जांभ्या पठारावर, युरिया टाकायला कोण येणार? मग ह्या झाडानं उडता युरिया पकडायला सुरुवात केली. किड्याचं वाळलेलं शरीर बघितलं तर वजनाचा साधारण दहावा भाग नायट्रोजन असतो, शिवाय फॉस्फरस वेगळा.

इथं एक गैरसमज काढायला पाहिजे. दवबिंदू किडे खाऊन जगत नाही. त्याची भाकरी ऊनच आहे, बाकीच्या झाडांसारखी साखर तो उन्हातूनच करतो. किडा म्हणजे खत. फरक एवढाच की बाकीची झाडं खत मुळानं घेतात आणि हा पानानं घेतो. म्हणून त्याची मुळं बारीक आणि नाजूक असतात, धरून ठेवायला आणि पाणी प्यायला. खारट, खतवट पाणी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कधी बघितलेलंच नाही, ते दिलं की ती जळतात.

एवढं एक डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप सुटतं, पाणी कसलं, माती कसली, ऊन किती, खायला काय. घरात एक छोटा सडा तयार करायचा आहे, एवढंच काम.

पाण्यापासून सुरू करतो कारण जास्तीत जास्त रोपं पाण्यानंच मरतात. पाण्यात विरघळलेले क्षार किती आहेत हे टीडीएस मीटर सांगतो, पेनासारखा असतो, महाग नसतो, हे झाड पाळायचं असेल तर रोपाच्या आधी तो घ्या. आकडा पीपीएममध्ये येतो, एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार असं समजा. दवबिंदूला ५० च्या आतलं पाणी पाहिजे. माझ्या बोअरच्या पाण्यात मीटर बुडवल्यावर आकडा ३०० च्या पुढं गेला. आता हिशेब करू. उन्हाळ्यात एक कुंडी दिवसाला समजा १०० मिली पाणी ओढते. ३०० पीपीएमचं पाणी असेल तर रोज ३० मिलिग्रॅम क्षार आत जातात, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. महिन्याला ९०० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम मीठ त्या वाटीएवढ्या कुंडीत. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच प्रकार मुळांवर. तेच पाणी २० पीपीएमचं असेल तर महिन्याला फक्त ६० मिलिग्रॅम. म्हणून "एकदा नळाचं घातलं तर काय झालं नाही की" असं म्हणून फसू नका, एका दिवसात काहीच होत नसतं, ते साठत जातं.

सगळ्यात चांगलं पावसाचं पाणी, आणि ते आपल्याकडं जून ते सप्टेंबर फुकट मिळतं. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्यायचे, पत्र्यावरची कौलावरची धूळ निघून जाऊ द्यायची, मग स्वच्छ बादली उघड्यावर ठेवून भरून घ्यायची आणि कॅनमध्ये झाकण घट्ट लावून ठेवायचं. मी वीस लिटरचे दोन कॅन भरतो, छोट्या चार-पाच कुंड्यांना दिवाळीच्या पुढं जातं. नंतर आरओचं पाणी. पण इथं एक मेख आहे, घरातल्या बऱ्याच आरओमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते, त्यामुळं आरओचं आहे म्हणजे चालतंच असं नाही, मीटर बुडवून बघा. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं ते तर अजिबात नको, त्यात गाळलेले सगळे क्षार असतात. एसीच्या पाईपमधून ठिबकणारं पाणी पण चालतं, ते हवेतलंच पाणी असतं, फक्त एसी साफ असावा आणि मीटरचा आकडा बघून घ्यावा. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे बॅटरीत घालतात ते, सीलबंद आणि साधं असेल तर चालतं, पण अॅसिड मिसळलेलं बॅटरीचं पाणी वेगळं असतं, दुकानात नीट विचारून घ्या.

पाणी वरून घालायचं नाही, ताटलीत घालायचं. कुंडीखाली खोलगट ताटली, त्यात बोटाच्या एका पेरापेक्षा कमी पाणी, कुंडी खालून ओढून घेते. सड्यावर जसं खालून झिरपतं तसंच. पण आपल्याकडं डेंग्यूचा त्रास आहे, साचलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डासाला आमंत्रणच, म्हणून दर चार-पाच दिवसांनी ताटली रिकामी करून घासून परत भरायची. अंड्यातून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, तेवढा वेळच द्यायचा नाही. आणि "डास खाणारं झाड आहे तर घरातले डास कमी होतील का" असं मला प्रत्येक जण विचारतो. नाही होणार. एक झाड आठवड्यात चार-दोन चिलटं धरतं, खिडकीला जाळी मारा.

मातीचं म्हणाल तर माती नकोच. पीट मॉस आणि परलाइट निम्मं-निम्मं, हे मिश्रण चालतं. पीट मॉस म्हणजे थंड देशातल्या दलदलीत शेकडो वर्षं साठलेलं शेवाळ, आम्लधर्मी आणि कस नसलेलं, म्हणून योग्य. परलाइट म्हणजे भाजून फुगवलेला ज्वालामुखीचा काच, लाह्यांसारखा पांढरा, त्यानं हवा खेळती राहते. पीट मॉसच्या पिशवीवर खत मिसळलेलं आहे का ते वाचा, असेल तर ठेवा परत. कोकोपीट बरेच जण वापरतात कारण स्वस्त आहे आणि सगळीकडं मिळतं, पण त्यात मीठ असतं, चार-पाच वेळा चांगल्या पाण्यात भिजवून पिळून, शेवटच्या पाण्याचा टीडीएस कमी आला तरच वापरा, माझं मत विचाराल तर नवीन माणसानं त्या वाटेला जाऊच नये. शेतातली काळी माती, नदीची वाळू, शेणखत, बोनमील, कडुलिंबाची पेंड, ह्यातलं काहीही नको. कुंडी पण प्लास्टिकची, चार इंची बास होते, कारण मातीच्या कुंडीतून क्षार झिरपतात.

ऊन मात्र भरपूर पाहिजे. डिंक करायला झाडाला साखर लागते, रोज हजारो थेंब परत-परत भरायचे म्हणजे खर्चाचं काम आहे, ती साखर उन्हातूनच येणार. पूर्वेकडची गॅलरी असेल तर उत्तम, सकाळचं चार-पाच तास ऊन मिळालं की केस लालभडक होतात आणि थेंब टपोरे. सावलीत ठेवलं तर मरत नाही लगेच, पण हिरवं, लांबट, कोरडं होतं आणि माणूस म्हणतो झाडाला काहीतरी कमी पडतंय, आणि परत खताची पिशवी काढतो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढं हिरव्या जाळीखाली घ्या आणि ताटली कोरडी पडू देऊ नका. फ्लॅटमध्ये ऊनच येत नसेल तर पांढरी एलईडी बल्ब एक वीतभर अंतरावर रोज बारा ते चौदा तास, त्यावरही मस्त वाढतात.

सुरुवात कुठल्या जातीपासून करायची तर ड्रॉसेरा कॅपेन्सिस. ही दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली, पट्टीसारखी लांब पानं, चुका पोटात घालते आणि तिला थंडीत झोपायची गरज नसते. दुसरी स्पॅट्युलाटा, चमच्यासारख्या पानांची, छोटी. आपली सड्यावरची बर्मानी पण घरात चांगली वाढते, पण ती बहुतेक वर्षभराचीच असते, बी टाकून जाते. युरोपातल्या थंड दलदलीतली गोल पानांची रोटुंडिफोलिया फोटो बघून मागवू नका, तिला कडक हिवाळा लागतो आणि तो कोल्हापुरात कुठून आणणार.

पार्सल आल्यावर थेंब नसतात. फेकू नका, विकणाऱ्याशी भांडू पण नका, प्रवासात थेंब पुसले जातात. दोन-तीन आठवडे उजेडात ठेवा, नवीन पानावर दव येतं. पावसात पण धुऊन जातं आणि परत येतं.

आता जेवण. हा भाग मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चिलट थेंबाला चिकटतं आणि सुटायला धडपडतं, त्या धडपडीनं ते अजून केसांना लागतं आणि डिंक त्याच्या अंगभर होतो. किडे आपल्यासारखे नाकानं श्वास घेत नाहीत, त्यांच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, ती डिंकानं बुजली की किडा गुदमरतो. दरम्यान स्पर्श झालेल्या केसातून विजेचा एक बारीक संदेश खाली जातो, आपल्या नसांतून जातो तशाच प्रकारचा, आणि केस वाकायला लागतो. बर्मानीचे कडेचे केस काही सेकंदात वाकलेले डोळ्यांना दिसतात. कॅपेन्सिस निवांत आहे, आधी केस आणि मग काही तासात अख्खं पानच किड्याभोवती गुंडाळतं, आपण फ्रँकी गुंडाळतो तसं. मग त्याच केसांच्या टोकातून आम्ल आणि पाचक रस येतात, किड्याचा मऊ भाग विरघळतो आणि तेच टोक तो रस शोषून घेतं. चार-सहा दिवसांनी पान उलगडतं, वर राहतं ते वाळकं टरफल.

चार्ल्स डार्विनला ह्या झाडानं अक्षरशः वेड लावलं होतं. १८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या ससेक्समधल्या माळावर त्यानं दवबिंदूच्या पानावर अडकलेले किडे बघितले आणि पुढं पंधरा वर्षं अधूनमधून त्यावर प्रयोग करत राहिला, १८७५ साली त्याचं मांसाहारी झाडांवरचं पुस्तक आलं. त्यानं माणसाच्या डोक्यावरच्या केसाचा एक तुकडा पानावर ठेवून बघितला, वजन ०.०००८२२ मिलिग्रॅम, आणि तेवढ्यानं पण दवबिंदूचा केस वाकला. आणि वरून पाण्याचे थेंब पाडले तर वाकला नाही. म्हणजे पाऊस कुठला आणि जेवण कुठलं हे त्याला कळतं, पावसाळ्यात जगणाऱ्या झाडाला हे कळायलाच पाहिजे नाहीतर दिवसभर पानं मिटत बसेल. पुढं १८७८ साली डार्विनचा मुलगा फ्रान्सिस ह्यानं किडे मिळालेली आणि न मिळालेली झाडं शेजारी-शेजारी वाढवून दाखवलं की खायला मिळालेल्या झाडांना बी कितीतरी जास्त येतं. म्हणजे खायला न देता झाड जगतं, पण खायला मिळालं तर भरतं.

तुमची कुंडी गॅलरीत उघड्यावर असेल तर तुम्हाला काहीच करायला लागत नाही, ते आपलं आपण पकडतं. आंब्याच्या दिवसात तर केळ्याची साल किंवा आंब्याची कोय शेजारी एका वाटीत ठेवा, चिलटं येतात आणि निम्मी पानावर. बंद घरात असेल तर दोन-तीन आठवड्यातून एकदा भरवा. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात वाळवलेले ब्लडवर्म मिळतात, लाल बारीक अळ्या, एक पाकीट वर्षानुवर्षं पुरतं. दोन अळ्या दोन थेंब चांगल्या पाण्यात भिजवायच्या, टूथपिकनं खसखशीच्या दाण्याएवढा तुकडा उचलायचा आणि पानाच्या मधोमध ठेवायचा. आता तो मेलेला आहे, धडपडणार नाही, म्हणून टूथपिकच्या टोकानं त्याला अलगद हलवायचं, मिनिटभर बास, म्हणजे पानाला वाटतं जिवंत आहे आणि केस लवकर वाकतात. एका वेळी एका झाडाची एक-दोन पानंच. किडा पानाच्या रुंदीपेक्षा मोठा असेल तर पचत नाही, बुरशी येते आणि पान जातं. तसं झालं तर घाबरू नका, ते पान कापून टाका, नवीन येतं.

आणि मटण देऊ नका. हे मुद्दाम लिहितो कारण आपल्याकडं रविवारी घरात मटण असतंच आणि पोरं हमखास विचारतात. त्यात चरबी असते, वर मीठ-तिखट लागलेलं असेल तर अजून वाईट, पान सडतं. चिकन नको, पनीर नको. स्प्रे मारून मेलेला डास किंवा झुरळ तर अजिबात नको, ते औषध पानात जातं. आणि माझ्या भाच्यासारखं येता-जाता बोट लावून बघायचं नाही, त्याला मी समजावलं की एकदा वाकून परत सरळ व्हायला झाडाला ताकद लागते आणि एक केस थोड्याच वेळा वाकू शकतो, मग तो लांबूनच बघायला लागला. माणसाच्या बोटाला त्या डिंकानं काही होत नाही, काळजी झाडाची आहे.

एक विनंती. सड्यावरून उपटून आणू नका, ना कासवरून, ना आपल्या आसपासच्या कुठल्या पठारावरून. मुळं इतकी बारीक असतात की उपटताना तुटतातच, घरी येईपर्यंत रोप मेलेलं असतं आणि तिथलं बी पडायचं राहतं ते वेगळं. नर्सरीत वाढवलेलं घ्या, नाहीतर कुणाकडून बी मागा.

बी मिळणं अवघड नाही. कॅपेन्सिस वर्षात दोनदा-तीनदा तरी गुलाबी फुलांचा दांडा काढते, फुलं सकाळी थोडा वेळ उघडतात आणि आपली आपण फळतात, दांडा तपकिरी झाला की कागदावर झटकायचा, काळी पूड पडते, ते बी. ओल्या पीट मॉसवर नुसतं भुरभुरायचं, वर माती टाकायची नाही कारण त्याला रुजायला उजेड लागतो, कुंडीवर प्लास्टिक ताणून ठेवायचं, तीन ते सहा आठवड्यात टाचणीच्या डोक्याएवढी रोपं दिसतात आणि त्या वयात पण त्यांच्या पानावर थेंब असतो. नाहीतर पानापासून करा, एक निरोगी पान देठापाशी कापून झाकणाच्या बाटलीत पावसाच्या पाण्यात तरंगत ठेवायचं, खिडकीत उजेडाला पण थेट उन्हात नाही, महिना-दोन महिन्यात त्याच पानावर चार-पाच पिल्लं फुटतात.

माझ्याकडं त्या एका कॅपेन्सिसची आता सोळा झालीत, वाटली ती वेगळीच. कुणाला रोप दिलं की मी त्याच्याबरोबर दोन लिटर पावसाचं पाणी पण देतो, म्हणजे पहिले पंधरा दिवस तरी नळाकडं हात जात नाही.